जीन विनफील्ड गेले, पण त्यांचा हात डोळ्यांसमोरून हलत नाही

सांडशी

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात उद्यमनगरात आमचं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज आहे. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी सुरू केलं, आता मी बघतो. रात्री शटर ओढून जेवायला बसलं की गेली सात-आठ वर्षं मी मोबाइलवर एकाच माणसाला बघतोय. जीन विनफील्ड.

जन्म १६ जून १९२७, अमेरिकेतल्या मिझुरी राज्यातला. वाढले कॅलिफोर्नियातल्या मोडेस्टो गावात. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी नौदलात होते. परत आल्यावर आईच्या घरामागच्या छोट्याशा जागेत 'विंडीज कस्टम शॉप' काढलं. लोकांनी आपली फोर्ड, मर्क्युरी, कॅडिलॅक आणायची, यांनी तिचा टप कापायचा, ती खाली बसवायची, कडा गोल करायच्या, दिवे पत्र्यात आत घ्यायचे आणि कंपनीने कधी काढलीच नाही अशी गाडी परत द्यायची. हे त्यांनी जवळजवळ ऐंशी वर्षं केलं. ४ मार्च २०२५ ला गेले, तेव्हा ९७ वर्षांचे होते.

मला सगळ्यात वेड लावलं ते त्यांच्या रंगाने. एका रंगातून दुसऱ्या रंगात जाताना कुठेही रेघ नाही. गाडीच्या कडांना, पट्ट्यांच्या बाजूने गडद, आणि पत्र्याच्या मध्याकडे येता येता फिका. तिकडे त्याला 'विनफील्ड फेड' असंच नाव पडलंय. १९५६ च्या मर्क्युरीवर केलेली त्यांची 'जेड आयडल' बघा. हिरव्या रंगाच्या एवढ्या छटा मी फक्त पावसाळ्यात पन्हाळ्याच्या उतारावर बघितल्यात.

आणि नव्वदी ओलांडल्यावरही हा माणूस कार्यशाळा घेत होता. पोरांना बाजूला उभं करून स्वतः हातोडी आणि डॉली, म्हणजे पत्र्यामागे धरायचा लोखंडी ठोकळा, घेऊन पत्रा बसवून दाखवायचा. मी चाळिशीत आहे आणि संध्याकाळी माझा खांदा वर जात नाही.

तुम्ही कोणी त्यांच्या गाड्या प्रत्यक्ष पाहिल्यात का? आणि आपल्या आसपास असा हात असलेला माणूस कोणाला माहीत असेल तर जरूर लिहा. नाव नको, काम सांगा.

मृगधारा

सुंदर धागा. पन्हाळ्याचा उतार वाचून लगेच फोटो शोधला. खरंच तसाच हिरवा आहे.

डबल_क्लच

सांडशीदादा, विनफील्डबद्दल आदर आहेच, पण या क्षेत्रातला राजा म्हणाल तर जॉर्ज बॅरिस. १९६६ च्या 'बॅटमॅन' टीव्ही मालिकेतली बॅटमोबील कोणाला माहीत नाही? लिंकन कंपनीने १९५५ साली 'फ्युचुरा' नावाची प्रदर्शनातली गाडी इटलीतल्या गियाकडून बनवून घेतली होती. ती बॅरिसने १ डॉलरला घेतली आणि मालिकेसाठी जेमतेम तीन आठवड्यांत तिची बॅटमोबील झाली. २०१३ साली लिलावात तिच्यावर ४२ लाख डॉलरची बोली लागली, लिलाववाल्यांचं शुल्क वेगळं. विनफील्डची कुठली गाडी सामान्य माणूस ओळखतो?

टपकापे

@डबल_क्लच, ओळखतो, फक्त नाव माहीत नसतं. साठच्या दशकातल्या 'स्टार ट्रेक' मालिकेतलं ते छोटं यान, गॅलिलिओ, विनफील्ड चालवत असलेल्या फिनिक्सच्या वर्कशॉपमध्ये बनलं. 'ब्लेड रनर' सिनेमातल्या गाड्या सिड मीडच्या चित्रांवरून त्यांच्याच शॉपने उभ्या केल्या. 'रोबोकॉप'मधली ती अवाढव्य गाडी, ६००० एसयूएक्स, पण त्यांचीच, आत साधी ओल्ड्समोबील कटलस आहे.

आणि 'रिॲक्टर'! ती तर एकटीच तीन मालिकांत येऊन गेली. खाली सित्रोएन डीएस, म्हणजे तेल आणि वायूच्या दाबावरचं सस्पेन्शन, बटणावर गाडी उठते-बसते. इंजिन शेव्हरोलेच्या कॉर्व्हेर गाडीचं, सहा सिलिंडर आडवे झोपलेले आणि टर्बो. वर अख्खं शरीर ॲल्युमिनियमच्या पत्र्याचं, हाताने ठोकून केलेलं. आडवं झोपलेलं इंजिन घेतलं म्हणूनच बोनेट एवढं खाली नेता आलं. मला हे डोकं आवडतं. आधी आकार मनात पक्का करायचा आणि मग त्या आकाराखाली मावेल असं यंत्र जगभरातून शोधून आणायचं.

डबल_क्लच

हे माहीत नव्हतं, मान्य. पण बॅरिसचा मुद्दा सोडत नाही. त्याने ही कला घराघरांत नेली.

जुनी_फियाट

'टप कापणे' म्हणजे नक्की काय करतात? माझ्याकडे ७८ सालची पद्मिनी आहे. घाबरू नका, कापणार नाहीये. कुतूहल म्हणून विचारतोय.

सांडशी

@जुनी_फियाट काका, ऐकायला सोपं वाटतं. टप कापायचा, पिलरमधून, म्हणजे टप पेलणाऱ्या खांबांमधून, तीन-चार इंच पट्टी काढायची आणि टप परत खाली ठेवायचा. खरी अडचण तिथेच सुरू होते. पुढचे पिलर मागे झुकलेले असतात आणि मागची काच पुढे झुकलेली असते. म्हणजे खालून वर जाताना डबा निमुळता होत जातो. मधली पट्टी काढून टप खाली आणला की तो खालच्या रुंद भागाला पुरतच नाही, चारी बाजूंनी आखूड पडतो. मग एकतर पिलर आणखी झुकवायचे, नाहीतर टपाचेच तुकडे करून मध्ये पत्रा घालून तो लांब-रुंद करायचा. मोठ्या सपाट पत्र्याला वेल्डिंगची उष्णता लागली की तो लाटेसारखा उठतो. थोडा टाका, लगेच हातोडी-डॉली, थंड होऊ द्यायचा, पुन्हा थोडा टाका. दरवाजांच्या चौकटी कापायच्या, त्या परत टपाला बसवायच्या, आणि शेवटी काच. सपाट काच कापता येते. वळणाची पुढची काच कापताना तडकली की त्या दिवशी कोणी कोणाशी बोलत नाही.

विनफील्ड हे काम मोटारींच्या प्रदर्शनांत लोकांसमोर करून दाखवायचे. समोर गर्दी आणि हातात कापायचं यंत्र. माझी तर कल्पना करूनच छाती धडधडते.

भिंगरी

जरा वेगळा सूर लावते, राग मानू नका. चांगली धडधाकट गाडी कापायची कशाला? ज्यांनी ती मुळात आखली त्यांनी काही विचार करूनच केली असेल ना? मी इमारतींच्या जतनाचं काम करते. जुन्या वाड्याचा दरवाजा कोणी 'सुधारला' की मला त्रास होतो. इथे सगळे कौतुक करताहेत म्हणून प्रामाणिकपणे विचारतेय.

टपकापे

@भिंगरी ताई, प्रश्न योग्य आहे. पण त्या काळी या गाड्या 'वारसा' नव्हत्या, जुन्या बाजारातल्या स्वस्त गाड्या होत्या. युद्धावरून परतलेली वीस-बावीस वर्षांची पोरं. कोणी विमानांच्या कारखान्यात, कोणी सैन्यात वेल्डिंग आणि पत्र्याचं काम शिकलेली. खिशात थोडे पैसे. कॅलिफोर्नियाची हवा कोरडी, त्यामुळे दहा-पंधरा वर्षं जुन्या गाडीलाही गंज नाही. जवळच मोहावीच्या वाळवंटातले कोरडे तलाव, मैलोन्मैल सपाट, शर्यत लावायला. विनफील्डही तरुणपणी तिथे गाड्या पळवायचे. कारखाना सगळ्यांना एकसारखी गाडी देत होता आणि या पोरांना आपली वेगळी हवी होती. आज कोणी दुर्मिळ, मूळ स्थितीतली गाडी कापायला निघालं तर मीही तुमच्या बाजूने उभा राहीन.

भिंगरी

हे पटलं. म्हणजे वाड्यापेक्षा गोधडीसारखं म्हणा. जुनेर हाताशी होतं, त्यातून नवीन शिवलं.

सांडशी

गोधडी! भिंगरीताई, हा शब्द मी आता गॅरेजात वापरणार.

मिलपिटासकर

मी एकवीस वर्षं कॅलिफोर्नियात आहे. एकदा मुलांना घेऊन डेथ व्हॅलीला निघालो होतो, वाटेत मोहावी लागलं. गाव लहान, वारा भयंकर. एका बाजूला विमानतळावर निवृत्त झालेली प्रवासी विमानं ओळीने उभी, काहींची इंजिनं काढलेली. आणि रस्त्याकडेच्या एका आवारात जुन्या गाड्यांचे सांगाडे, उन्हाने रंग उडून मातीच्या रंगाचे झालेले. मुलगा म्हणाला, बाबा, भंगारवाला. मीही हो म्हणालो आणि गाडी पुढे काढली. पुढे दोन-तीन वर्षांनी कळलं की विनफील्ड यांचं शॉप मोहावीतच होतं. मी ज्या आवारासमोरून गेलो ते त्यांचंच होतं का, सांगता येत नाही. पण त्या गावात मी पेट्रोल भरलं, मुलांना आइस्क्रीम घेतलं आणि तसाच पुढे गेलो, याची रुखरुख अजून आहे.

नंतर पोमोनाला जानेवारीत भरणाऱ्या ग्रँड नॅशनल रोडस्टर शोला मुद्दाम गेलो. तिथे जुन्या कस्टम गाड्यांच्या दालनात एक गोष्ट लक्षात आली. आसपासची माणसं हळू आवाजात बोलतात. एक आजोबा नातवाला गाडीच्या मागच्या मडगार्डवरून, हात न लावता, चार बोटं वरून वरून फिरवायला शिकवत होते. हात लावायचा नाही, पण वळण हाताने समजून घ्यायचं.

रंगारी_चाकण

मी वाहनांच्या रंगाच्या क्षेत्रात अठरा वर्षं काम करतोय, म्हणून रंगाबद्दल थोडं लिहितो.

साधा रंग म्हणजे पत्र्यावर अपारदर्शक थर, रंग जो आहे तो वरच दिसतो. कस्टमवाल्यांचा 'कँडी' रंग वेगळा. आधी खाली चंदेरी किंवा सोनेरी चमकदार थर. त्यावर पारदर्शक रंगाचे अनेक हात, अगदी काचेच्या बांगडीसारखे. उजेड रंगातून आत जातो, खालच्या चंदेरीवर आपटतो आणि त्याच रंगातून परत बाहेर येतो. दोनदा गाळून निघतो म्हणून ती खोली दिसते, पाण्यात बघितल्यासारखी. हा रंग रूढ करण्याचं श्रेय जो बेलॉन या कारागिराला देतात, त्याचा 'कँडी ॲपल रेड' प्रसिद्ध आहे.

आता गंमत अशी की प्रत्येक हाताबरोबर रंग गडद होतो. म्हणजे रंग फवारायची गन जिथे दोनदा फिरली तिथे पट्टा दिसणार. पूर्ण गाडीवर प्रत्येक ठिकाणी सारखाच थर बसला पाहिजे. विनफील्ड यांनी काय केलं? हाच दोष कामाला लावला. जिथे गडद हवं तिथे जास्त हात, जिथे फिकं हवं तिथे कमी, आणि मधला उतार एकसारखा. त्यात पर्लचा, म्हणजे मोत्यासारख्या चमकीचा थर. जुन्या काळी हे पर्ल माशांच्या खवल्यांतून काढलेल्या चमकीचं असायचं. आज आम्ही संगणकावर रंग जुळवतो आणि तरीही बंपर आणि मडगार्डमध्ये फरक राहिला म्हणून गाडी परत येते. तो माणूस चार रंग डोळ्याने जुळवून ओल्या पत्र्यावर एकमेकांत विरघळवत होता.

अशा रंगाला ओरखडा पडला तर मात्र डाग काढून काम भागत नाही. किती हात मारले होते ते त्या हातालाच माहीत. बहुतेक वेळा पूर्ण बाजू नव्याने करावी लागते.

मृगधारा

काचेच्या बांगडीची उपमा फार आवडली. विषय डोक्यात पक्का बसला.

आरसी_बुक

एक व्यावहारिक शंका. अशी गाडी इथे केली तर नोंदणी पुस्तकात रंगाच्या रकान्यात आरटीओ काय लिहिणार? 'हिरवा, पण मध्ये मध्ये पोपटी'?

गंमत बाजूला. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितलं. रंग बदलायचा तर परवानगी घेऊन नोंद करावी लागते. टप कापणं वगैरे रस्त्यावरच्या गाडीला विसराच. आणि मला तो नियम चुकीचा वाटत नाही. पिलर कापून जोडलेली गाडी उलटली तर आतल्या माणसाचं काय?

जुनी_फियाट

म्हणजे आपल्याकडे विनफील्ड होणं शक्यच नाही?

आरसी_बुक

रस्त्यावरच्या गाड्यांत अवघड. प्रदर्शनासाठी मात्र होतं. हैदराबादला सुधा कार म्युझियम आहे, तिथे के. सुधाकर यांनी बॅटच्या, बुटाच्या, वांग्याच्या आकाराच्या गाड्या केल्यात, आणि त्या चालतात.

डबल_क्लच

मी ते संग्रहालय बघितलंय. पोरं हरखून जातात. पण तो प्रकार वेगळा, तिथे आधी गंमत सुचते. विनफील्डची गाडी गाडीच राहते, फक्त तिच्यातलं नको ते निघून गेलेलं असतं.

(हो, मी हळूहळू विनफील्डच्या बाजूला सरकतोय. कोणी बोट दाखवू नये.)

दापोडीची_पोर

सांडशी, 'आपल्या आसपास असा हात' म्हणालास म्हणून लिहितेय.

माझे बाबा दापोडीच्या एसटीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत बॉडी बिल्डिंगला होते. लोकांना वाटतं एसटी तयार येते. कंपनीकडून यायची ती फक्त चासी. इंजिन, स्टिअरिंग आणि ड्रायव्हरला बसायला कामचलाऊ जागा. डोक्याला रुमाल गुंडाळून ड्रायव्हर ती उघडी चासी वर्कशॉपला आणायचे. बाकी सगळं, सांगाडा, ॲल्युमिनियमचे पत्रे, खिडक्या, बाकडी, दापोडी, चिकलठाणा किंवा हिंगण्यात बनायचं. बाबा पत्र्यावर रिव्हेट मारायचे. सुट्टीत गावाला जाताना ते एसटीत चढायच्या आधी मागे जाऊन एका ठरावीक ठिकाणी, मागच्या कोपऱ्यावर जिथे पत्रा वळतो तिथे, तळवा ठेवायचे. कधी म्हणायचे, "ही आपली." कधी म्हणायचे, "ही चिकलठाण्याची, पण चांगली आहे." आम्हाला सगळ्या लाल डब्यांत काहीच फरक दिसायचा नाही.

मिलपिटासकरांनी त्या आजोबांचं लिहिलंय, ते वाचून बाबांचा तळवा आठवला.

सांडशी

ताई, हे वाचून थोडा वेळ काही लिहावंसंच वाटेना. त्या कोपऱ्याला पत्रा दोन्ही बाजूंनी वळतो, तिथेच हात कळतो. बाबांना नमस्कार सांगा.

दापोडीची_पोर

ते २०१६ ला गेले. पण नमस्कार पोचला.

कल्हई

सगळे रंग आणि टपावर बोलताहेत, शिशावर कोणीच बोललं नाही, म्हणून हा प्रतिसाद.

आज दोन पत्र्यांचा जोड लपवायला लांबी, म्हणजे पुट्टी, भरतात. त्या काळी कस्टमवाले शिसं भरायचे. म्हणूनच तिकडे या गाड्यांना 'लेड स्लेड' म्हणतात, शिशाची घसरगाडी म्हणा हवं तर. काम अगदी कल्हईवाल्याचं. आधी पत्रा पांढरा होईपर्यंत साफ करायचा, मग रसायन लावून त्यावर कथलाचा पातळ थर चढवायचा, आपला कल्हईवाला नवसागर टाकून भांड्याला करायचा तसाच. तो थर नसेल तर शिसं पत्र्याला धरतच नाही. मग शिसं-कथलाची कांडी, साधारण सत्तर-तीसची, गॅसच्या मंद ज्योतीवर लोण्याएवढी मऊ करायची. पूर्ण वितळली की ओघळून जमिनीवर. मऊ आणि पातळ यांच्या मधला जो थोडासा पल्ला आहे, तेवढ्यात मेण लावलेल्या लाकडी फळीने ती पसरायची. उभ्या पत्र्यावर! मग कानशीने आकार. शिशाची धूळ विषारी, त्यामुळे यंत्राने घासायचं नाही.

माझे आजोबा नाशिकला तांबट आळीत भांड्यांना कल्हई करायचे. ज्योत किती ठेवायची ते आवाजावरून सांगायचे. त्यामुळे विनफील्ड यांना हे करताना बघितलं तेव्हा मला परकं काहीच वाटलं नाही.

रंगारी_चाकण

+१. आणि लांबी जाड भरली की काही वर्षांनी तडकते, फुगते. नीट भरलेलं शिसं पत्र्याबरोबर तापतं, पत्र्याबरोबर निवतं.

खोडरबर

बॅरिसवरची चर्चा अर्धवट राहिली म्हणून. डबल_क्लच, बॅरिस दोन भाऊ होते, जॉर्ज आणि सॅम. पत्र्यातला खरा उस्ताद सॅम. १९५१ च्या मर्क्युरीवर केलेली 'हिरोहाटा मर्क' त्यांच्याच शॉपमधली, १९५२ सालची. बॉब हिरोहाटा नावाच्या जपानी वंशाच्या अमेरिकन तरुणासाठी केलेली. ती पुढे या हातातून त्या हातात विकली जात राहिली. १९५९ साली जिम मॅकनील नावाच्या एका मुलाने ५०० डॉलरला घेतली आणि आयुष्यभर सांभाळली, वर्षानुवर्षं खपून परत मूळ रूपात आणली. २०२२ च्या लिलावात तिच्यावर साडेएकोणीस लाख डॉलरची बोली लागली.

सॅम १९६७ ला कॅन्सरने गेला. तोपर्यंत तो भावाच्या धंद्यातून बाहेरही पडला होता. बॅटमोबीलच्या पत्र्याचं बरंचसं काम बिल कुशेनबेरी या दुसऱ्या कारागिराने केलं होतं. जॉर्ज बॅरिस मोठाच, त्याने या कामाला प्रसिद्धी मिळवून दिली, त्यावर अनेकांची पोटं भरली. पण धाग्याचं शीर्षक 'हात' आहे.

डबल_क्लच

कुशेनबेरीचं नाव आज पहिल्यांदा ऐकलं. मी लहानपणी बॅटमोबीलचं छोटं मॉडेल उशाशी घेऊन झोपायचो. आता त्याच्याबद्दल वाचायला घेतो. धन्यवाद खोडरबर.

चिकटपट्टी

अवांतर: मॉडेलवरून आठवलं. विनफील्ड ज्या एएमटी कंपनीसाठी फिनिक्सचं वर्कशॉप चालवत होते ती मुळात प्लास्टिकचे जोडायचे संच बनवणारी कंपनी. खरी गाडी आधी बनवायची, प्रदर्शनांत आणि टीव्हीवर फिरवायची, आणि मग तिचा एकास पंचवीस प्रमाणातला संच पोरांना विकायचा. माझ्याकडे ठाण्यात कपाटात असे नऊ संच आहेत, त्यातले दोन उघडलेलेसुद्धा नाहीत. बायको विचारते, जोडणार कधी? निवृत्तीनंतर, हे माझं ठरलेलं उत्तर. पण धागा वाचून आज रात्री एक उघडतोय.

मृगधारा

फोटो टाका चिकटपट्टी!

जुनी_फियाट

सांडशी, तुझ्या पहिल्या पोस्टमधल्या एका वाक्यावर कोणीच बोललं नाही. नव्वदीत हातोडी घेऊन उभा राहतो, ते. मी एकाहत्तर वर्षांचा आहे, म्हणून मला त्यात जास्त रस. माझी पद्मिनी दादरच्या एका मिस्त्रींकडे जायची. वय पंचाहत्तरच्या पुढे. मुलं म्हणायची, बाबा घरी बसा. ते यायचे, खुर्चीवर बसायचे आणि पोरगा ठोकत असला की डोळे मिटून ऐकायचे. मध्येच म्हणायचे, "बस. पत्रा ताणला." आवाज बदललेला त्यांना कळायचा. पोरगा थांबायचा, हात फिरवायचा, आणि खरंच पत्रा ताणलेला असायचा. त्या पोराने चार वर्षांत जे शिकायचं ते त्या खुर्चीमुळे वर्षात शिकलं. विनफील्ड कार्यशाळा का घेत राहिले असतील याचं उत्तर मला तिथे सापडतं. हे ऐकणं लिहून ठेवता येत नाही, शेजारी बसूनच द्यावं लागतं.

रंगारी_चाकण

काका, आज आमच्याकडे पत्रा ताणला की नाही हा प्रश्नच येत नाही. मडगार्डला पोचा आला की जुनं काढून नवीन बसवतात. विम्यात बसतं, वेळ वाचतो. ग्राहकाची चूक नाही. पण डॉली धरता येणारी पोरं कमी होत चाललीत, हे मी रोज बघतो.

सांडशी

रंगारीदादा, हे माझ्या गॅरेजातलंच आहे. माझ्याकडे तीन पोरं आहेत. तिघांना बंपर बसवता येतो, डॉली एकालाच धरता येते, आणि तोही मला विचारतो की शेठ, याचा पुढे उपयोग काय.

आता एक कबुली. गेल्या वर्षी विनफील्ड गेल्याचं वाचलं त्या रविवारी मी भंगारातलं एक मारुती ८०० चं बोनेट घोडीवर ठेवलं. घासून प्रायमर मारला, खाली चंदेरी, आणि वर हिरवा फेड करायला गेलो. पहिल्यांदा पट्टे आले. घासलं. दुसऱ्यांदा मध्ये ढग आला. घासलं. अशी अकरा वेळा. गनची हवा कमी केली, थिनर वाढवलं, हात लांबून मारला. आप्पा पायरीवर चहा घेत बसायचे आणि काही बोलायचे नाहीत. अकराव्या वेळेला उठले, माझ्या हातातली गन घेतली आणि म्हणाले, "मनगट वळवतोयस. पाय चालव." आणि बोनेटच्या बाजूने दोन पावलं चालून दाखवलं. गनचा चाप दाबलासुद्धा नाही.

आप्पांनी विनफील्ड हे नाव माझ्याकडूनच ऐकलंय. व्हिडिओ बघितला नाही, डोळ्यांना स्क्रीन सोसत नाही. पण ते जसं चालले, अगदी तसाच तो माणूस गाडीच्या कडेने चालतो.

दापोडीची_पोर

बाराव्या वेळेला काय झालं?

सांडशी

डावी बाजू जमली. उजवीकडे अजून एक ढग आहे.

भिंगरी

फोटो हवा. दोन्ही बाजूंचा.

आरसी_बुक

आणि रंगाचं नाव काय ठेवलंत ते सांगा, मला रकाना भरायचाय.

सांडशी

आप्पांना विचारलं. म्हणाले, "पन्हाळा लिही." फोटो उद्या उजेडात काढतो, ट्यूबलाइटखाली फेड दिसत नाही.

मिलपिटासकर

डिसेंबरात भारतात येतोय, कोल्हापूरला नक्की. बोनेट तोपर्यंत घासू नका.